सातव्या सीटवर कोण बसणार?

प्रश्न : आम्ही पुण्यात राहतो. घरात सहा माणसं : आम्ही दोघं, अकरा आणि सहा वर्षांची दोन मुलं, सासूबाई आणि सासरे. गाव मालवणजवळ. गणपतीला आणि मे महिन्यात जाणं ठरलेलं. शिवाय एकदा तिरुपती आणि एकदा राजस्थान गाडीनं करायचं मनात आहे. आजवर छोटी गाडी आणि ट्रॅव्हल्सवर भागवलं. आता नऊ-दहा लाखांत जुनी, पण मोठी गाडी घ्यायचं ठरतंय. आमच्या ह्यांचं मन एका काळ्या स्कॉर्पिओवर बसलंय. मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, पण आठ-नऊ तास मागे बसून जायचंय ते मला आणि सासूबाईंना. म्हणून विचारते : लांबच्या प्रवासाला एसयूव्हीच लागते का? जुन्यांतली कुठली घ्यावी? आणि आपण फसतोय हे पैसे देण्याआधी कसं ओळखायचं?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : जुनी गाडी बघायला घरातून कोण जातं ते आठवून बघा. नवरा, त्याचा एक जाणकार मित्र, फार तर मेहुणा. तिघं जण एक फेरी मारतात, बॉनेट उघडून आत डोकावतात, ‘पिकअप भारी आहे’ म्हणतात आणि टोकन देऊन येतात. पुढची आठ वर्षं ज्यांना मागे बसायचंय, ती माणसं गाडी पहिल्यांदा बघतात ती पूजेच्या दिवशी, हार घातलेली. तेव्हा माझं उत्तर एवढंच आहे : गाडी आधी मागच्या सीटवरून निवडा, मग स्टिअरिंगवरून.

एसयूव्ही लागते का, हे तुमच्या वाटेवरून ठरवू. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत महामार्ग, मग राधानगरी, फोंडाघाट उतरून कणकवली आणि तिथून मालवण. या वाटेवर फोर व्हील ड्राइव्ह लागेल अशी जागा एकही नाही. तिरुपतीच्या आणि जयपूरच्या वाटेवरही नाही. तुम्हाला हव्यात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत : सहा माणसांना समोर तोंड करून बसता येईल अशा सीट, त्या भरल्यावरही उरणारी डिकी, मागेपर्यंत पोचणारा एसी, भरल्या गाडीनं घाट चढेल एवढी ओढ, आणि गावातल्या स्पीडब्रेकरवर पोट घासणार नाही एवढी उंची. हे सगळं ज्या गाडीत आहे तिला कंपनी एसयूव्ही म्हणो की एमपीव्ही, टोलनाक्यावर फरक पडत नाही.

आता काळी स्कॉर्पिओ. गाडी दणकट आहे यात वाद नाही. २००२ साली आली, नाशिकला बनते, आणि महाराष्ट्रात असा तालुका सापडणार नाही जिथे तिचं काम करणारा मेकॅनिक नाही. पण जुन्या स्कॉर्पिओच्या बऱ्याच गाड्यांत शेवटच्या दोन सीट आडव्या असतात, एकमेकींकडे तोंड करून. टाटा सफारी स्टॉर्ममध्येही तसंच. अशा सीटवर बसून कात्रजपर्यंत जाणं मुलांना गंमत वाटेल. फोंडाघाटात त्याच मुलांना गाडी लागेल. आणि अपघात झालाच तर आडवं बसलेल्या माणसाला धरून ठेवणारं तिथे फारसं काही नसतं. स्कॉर्पिओ घ्यायचीच असेल तर मागची रांग समोर तोंडाची आहे असाच व्हेरिएंट शोधा, आणि मग विचारा की ती रांग भरल्यावर सामान कुठे जाणार.

हा सामानाचा प्रश्न जवळजवळ सगळ्या सात सीटर गाड्यांची दुखरी जागा आहे. सात सीट आणि सात माणसांचं सामान या दोन्ही गोष्टी एका वेळी देणाऱ्या गाड्या फार थोड्या. एर्टिगाची तिसरी रांग उभी असताना डिकीत २०९ लिटर जागा उरते. इनोव्हा क्रिस्टात सुमारे ३००. दोनशे लिटर म्हणजे आडव्या-उभ्या करून दोन मध्यम बॅगा आणि खाण्याची पिशवी. सहा माणसांत मागच्या रांगेत एकच मूल बसलं तर तिथली अर्धी सीट पाडून सामान रचता येतं, म्हणून तिसरी सीट मधून दुभंगून पडते का ते बघा. ब्रोशरमध्ये या गोष्टीला अर्धी ओळ मिळते, पण मे महिन्यात गावाहून परतताना तिचीच आठवण होते.

मधली रांग दोन वेगळ्या सीटची, म्हणजे कॅप्टन सीटची असेल तर तुमच्यासारख्या घराला ती उत्तम. सासू-सासरे तिथे हात टेकून बसतील आणि मुलं मधल्या वाटेनं मागे जातील. पण गाडी सहा सीटचीच असेल तर मागे दोघं आणि पुढे दोघं हे गणित पक्कं झालं, सातवा पाहुणा आला तर जागा नाही. तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसानं बसून बघायलाच हवं. पाय खाली सोडता येतात की गुडघे छातीशी येतात? डोकं छताला लागतं का? मागच्या चाकांच्या वर किंवा मागे बसलेल्या माणसाला प्रत्येक खड्डा पुढच्यापेक्षा जास्त जाणवतो, तेव्हा पुढे बसून ‘सस्पेन्शन मऊ आहे’ असं म्हणणाऱ्याचं मत तिसऱ्या रांगेला लागू होत नाही.

पाच सीटच्या गाड्या तुमच्यासाठी बाद. क्रेटा चांगली, डस्टरचं सस्पेन्शन तर खराब रस्त्यावर तिच्या किमतीत नावाजलेलं. पण सहा माणसं पाच सीटमध्ये बसवायची म्हणजे एक मूल कायम मांडीवर. सहा वर्षांच्या मुलासाठी ताशी ऐंशीच्या वेगात मांडी ही धोक्याची जागा आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. म्हणून गाडी बघताना मागच्या प्रत्येक सीटचा पट्टा ओढून, लावून, सोडवून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत मधल्या रांगेतल्या मधल्या माणसाला फक्त कमरेचा पट्टा असतो. काहींत पट्टे सीटखाली इतकी वर्षं दबलेले असतात की खटका बाहेरच निघत नाही.

मग नावं सांगतोच, कारण त्याशिवाय असं उत्तर कोणाला पटत नाही.

पहिलं नाव इनोव्हा. यात मी नवीन काहीच सांगत नाही, पण कारण सांगतो. ही गाडी २००५ मध्ये क्वालिसच्या जागी आली, क्रिस्टा २०१६ मध्ये. दोन्हींची तिसरी रांग खरोखर माणसांसाठी आहे, आणि सीटची उंची अशी की गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढावं लागत नाही की वाकावं लागत नाही, नुसतं टेकून आत सरकायचं. तुमच्या पैशात जुनी २.५ लिटर डिझेल इनोव्हा शेवटच्या वर्षांतली मिळेल. दहा लाखांत क्रिस्टा मिळाली तर ती बरीच पळलेली असणार. जुन्या इनोव्हाची ताकद कागदावर माफक आहे : १०२ पीएस आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्क. घाटात ती कोणाला मागे टाकत नाही, पण भरलेली असताना गुमान चढते. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तो कधी बदलला याची पावती मागा. तो तुटला तर इंजिन उघडायची वेळ येते. आणि इनोव्हाची मोठी अडचण तिच्या गुणांतूनच आलेली आहे : ती टुरिस्टमध्ये प्रचंड चालते. आरसीवर पहिल्यापासून खासगी नोंद आहे का, की आधी पिवळी पाटी होती आणि नंतर पांढरी झाली, हे आरटीओच्या नोंदीत दिसतं. टुरिस्टची गाडी वाईटच असते असं नाही, पण खासगीच्या भावात ती घेऊ नका.

दुसरं नाव महिंद्राची एक्सयूव्ही ५००. २०११ ते २०२१ एवढी वर्षं ती चाकणच्या कारखान्यातून निघाली, त्यामुळे बाजारात भरपूर आहेत आणि तुमच्या पैशात बरी, अलीकडची मिळेल. २.२ लिटरचं डिझेल, ३३० न्यूटन-मीटर, नंतरच्या गाड्यांत ३६०. घाट तिला जाणवत नाही. तुमच्या यजमानांचं एसयूव्हीचं मनही राखलं जाईल. तोटे दोन. तिसरी रांग मुलांपुरतीच, आणि ती उभी केली की डिकी नावालाच राहते. क्लच आणि सस्पेन्शनचं काम निघालं तर इनोव्हाच्या मालकाला बसत नाहीत असे धक्के बसतात, म्हणून ही गाडी सर्व्हिसचे कागद नसताना घेऊच नये.

तिसरं नाव थोडं आडवाटेचं : टाटा हेक्सा. जानेवारी २०१७ मध्ये आली आणि बीएस-६ चे नियम लागू झाले तेव्हा, २०२० मध्ये, थांबली. जेमतेम तीन वर्षं. तिच्या वरच्या इंजिनाचा टॉर्क ४०० न्यूटन-मीटर, गाडी वजनदार, लांबच्या रस्त्यावर मागे बसणाऱ्याला झोप लागेल अशी चाल. सहा सीटचा, कॅप्टन सीटवाला प्रकारही मिळतो, म्हणजे तुमच्या घराच्या मापाचा. नवी असताना लोकांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही, याचा फायदा जुनी घेणाऱ्याला होतो. धोका हा की थोड्या विकल्या गेलेल्या गाडीचे बाहेरचे सुटे भाग, दिवे, बंपर, आतली बटणं यांसाठी वाट बघावी लागते. घेण्याआधी जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दोन-तीन भागांची चौकशी करून या.

आणि चौथं, ज्याला घरात विरोध होईल ते : एर्टिगा. दिसायला रुबाब नाही, पण चालवायला हलकी, देखभाल स्वस्त, आणि २०१८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीत जागा चांगली वाढली. पेट्रोल इंजिनाचा टॉर्क १३८ न्यूटन-मीटर, म्हणजे सहा माणसं, सामान आणि एसीसह घाट चढताना दुसऱ्या गिअरवर यावं लागेल आणि इंजिन ओरडेल. ओरडू द्या, त्यानं काही बिघडत नाही. वर्षातून दोनदा घाट आणि बाकी दिवस कोथरूड ते हिंजवडी असं आयुष्य असेल तर चौघींत ही शहाणपणाची.

फॉर्च्युनर? दहा लाखांत मिळेल अशी फॉर्च्युनर जुनी असेल, तिची चाल मागे बसणाऱ्याला कडक वाटेल, आणि तिचं पहिलं मोठं काम तुमच्या राजस्थानचं बजेट खाईल. पुढे जाऊ.

व्हेरिएंट मात्र नीट बघा. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या गाडीत जिवाचा फरक असू शकतो. ग्लोबल एनकॅपनं भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्या आपटून बघितल्या तेव्हा एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला २०१६ मध्ये आणि एअरबॅग नसलेल्या डस्टरला २०१७ मध्ये शून्य तारे मिळाले. नव्या गाड्यांना एबीएस एप्रिल २०१९ पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटचीही झाली. त्याआधीच्या गाडीत या गोष्टी ‘असतीलच’ असं धरू नका. गाडीत एअरबॅग असतील तर चावी फिरवल्यावर मीटरमधला लाल दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड. लागलाच नाही तर संशय मोठा : अपघातात उघडलेली एअरबॅग परत न बसवता कोणीतरी दिव्याची वायर काढून ठेवलेली असू शकते.

आता फसवणुकीचं.

मीटर मागे घेणं हा या धंद्यातला जुना उद्योग, आणि डिजिटल मीटरनं तो थांबलेला नाही. म्हणून मीटर वाचू नका, गाडी वाचा. क्लचच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झिजून चकाकणारी कडा, ड्रायव्हर सीटची बसकी बाजू हे मीटरला साक्ष देतात किंवा विरोधात उभे राहतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. समजा गाडी २०१९ ची, मीटर २८ हजार आणि टायर २०२२ चे. मग पहिले टायर तेवढ्यात कुठे गेले, हे विचारायचं. उत्तर मिळेलही, पण ते देताना विकणाऱ्याचा चेहरा बघा. सगळ्यांत चांगला पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी. मालकाला बरोबर घेऊन जा आणि गाडीच्या नंबरावरचा इतिहास काढायला सांगा. प्रत्येक सर्व्हिसला किती किलोमीटर झाले होते ते तिथे दिसतं.

विम्याची पॉलिसी बहुतेक लोक फक्त मुदत बघायला उघडतात. तिच्यावर नो क्लेम बोनसचा टक्का असतो : पहिल्या वर्षी क्लेम नसेल तर २०, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षांनी ५०. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीवर हा टक्का शून्य दिसला, तर गेल्या वर्षी काय झालं ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. एवढं लक्षात ठेवा की हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. त्यानं तो आधीच्या गाडीवरून आणलेला असू शकतो, आणि विकताना तो घेऊनही जातो.

ठोकलेली गाडी ओळखायला यंत्र लागत नाही. पुढच्या फेंडरचे आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. पान्याचा मार असेल आणि रंग उडालेला असेल तर ते उघडलेले आहेत. दार-फेंडरमधल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. पुट्टीवर लोहचुंबक धरत नाही. सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर कारण विचारा. एखादा फेंडर बदललेला असणं काही गुन्हा नाही, आपल्या शहरांत कोरी गाडी सापडणं कठीण. पण आतला एप्रन, चौकट किंवा पिलर सरळ केलेला असेल तर किंमत कितीही कमी झाली तरी उठून या.

आणि पुराची गाडी. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो. २६ जुलै २००५ ची मुंबई लांब राहिली, पण ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही गेल्या. पाण्यातून निघालेली गाडी धुऊन, वाळवून, सुगंधी फवारा मारून विकायला येते, आणि नेहमी त्याच गावात येते असं नाही. पट्टा शेवटपर्यंत पूर्ण बाहेर ओढा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांवर आणि खालच्या बोल्टवर गंज, गालिच्याखाली माती, स्टेपनीच्या खळग्यात गाळ, दिव्यांच्या आत धुकं. आजच्या गाडीत मेंदूपासून मीटरपर्यंत सगळं वायरींवर चालतं. पुराच्या पाण्यानं वायरींच्या जोडांना लागलेली कीड दोन पावसाळ्यांनंतर वर येते, आणि तोवर विकणारा फोन उचलत नाही.

इंजिनासाठी एकच अट : गाडी थंड असताना, तुमच्या समोर सुरू करायची. तुम्ही पोचण्याआधीच ‘जरा गरम करून ठेवलेली’ गाडी नको. डिझेलचा किंचित काळा धूर जोरात दाबल्यावर येतो, तो चालेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर कूलंट आत जात असेल, किंवा डिझेल नीट जळत नसेल. चालू इंजिनात ऑइलचं झाकण सैल करून बघा, झाकण थडथड उडायला लागलं तर गॅरेजवाले ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ म्हणतात, आणि ते इंजिनाचं म्हातारपण असतं. हे सगळं तुम्हीच करायला हवं असं नाही. हजार-दोन हजार घेऊन तटस्थ मेकॅनिक येतो. फक्त तो विकणाऱ्यानं सुचवलेला नसावा.

यानंतर फेरी. कोथरूडच्या गल्लीत नाही, जुन्या कात्रज घाटात. सहाही जण बसा, दोन भरलेल्या बॅगा डिकीत टाका, एसी लावा आणि चढा. सासूबाईंना कोणाचा हात न धरता चढता-उतरता येतंय का बघा. तुम्ही स्वतः दहा मिनिटं तिसऱ्या रांगेत बसा. भरलेली गाडी स्पीडब्रेकरवर घासते का बघा, कारण कागदावरचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असतो. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यात खालून खडखड येते का. एवढ्यात विकणारा कुरकुरला तर हरकत नाही. नाहीच म्हणाला तर मात्र जाऊ द्या, अशा गाड्या पुण्यात रोज विकायला निघतात.

कागदांचं थोडक्यात. सरकारी परिवहन अॅपवर मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा चालू आहे का ते कळतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली ई-चलनं विकणाऱ्यानं भरायची. त्याचा फास्टॅग काढून टाका. विमा तुमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज १४ दिवसांत करा, नाहीतर तुमच्या गाडीचं नुकसान झाल्यावर कंपनी तुम्हाला ओळखणार नाही.

शेवटी पैशांचं. दहा लाख आहेत म्हणून दहाची गाडी घेऊ नका. लाख-सव्वा लाख हातात ठेवा. सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक, बेल्ट, बॅटरी, सस्पेन्शनची बुशं आणि बहुधा चार टायर यांत ते जातील. पहिला प्रवास तिरुपतीचा नको. एकदा महाबळेश्वर करून या, परत आल्यावर खाली वाकून कुठे ठिपका पडलाय का बघा, मग गणपतीला निघा.

प्रश्न : दिल्ली पासिंगची डिझेल एसयूव्ही इथल्यापेक्षा बरीच स्वस्त मिळतेय. घ्यावी का? समृद्धी महामार्गावरून वारंवार नागपूर-मुंबई करायचं आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ती स्वस्त का आहे हे आधी समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानं दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. त्यानंतर तिथले मालक गाड्या मुदतीआधी बाहेर काढू लागले. पुढे आदेश बदलत राहिले, पण धास्ती गेली नाही. महाराष्ट्रात तशी दहा वर्षांची अट नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे गाडी इथे चालेल. पण पंधरा वर्षं मोजायची ती दिल्लीतल्या पहिल्या नोंदणीपासून.

हिशेब असा करा : गाडीची किंमत, अधिक मूळ आरटीओची एनओसी, अधिक इथला रोड टॅक्स, अधिक नवा नंबर, अधिक एजंट. ही बेरीज करून मगच इथल्या गाडीशी तुलना. एनओसी हातात येण्याआधी पूर्ण पैसे देऊ नका. ‘नंतर पाठवतो’ म्हणणाऱ्याच्या गाडीला तुम्ही वर्षभर दिल्लीच्या पाटीनं फिरवाल, आणि बारा महिन्यांवर गाडी इथे राहिली तर इथली नोंदणी सक्तीची आहे. एक गोष्ट दिल्लीच्या बाजूनं : समुद्राची खारी हवा तिला लागलेली नसते. मुंबई, गोवा किंवा कोकणातली गाडी घेताना तिच्याखाली झोपूनच बघावं लागतं.

समृद्धीबद्दल : ७०१ किलोमीटरचा सलग काँक्रीटचा रस्ता, ताशी १२० ची मर्यादा आणि विदर्भातला उन्हाळा. जुन्या गाडीबरोबर आलेले टायर कितीही जाड दिसोत, पाच-सहा वर्षांवरचे असतील तर बदला. स्टेपनीसुद्धा. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या तक्त्यातल्या ‘पूर्ण भार’ ओळीप्रमाणे भरा. आणि सारखा वेग, सरळ रस्ता यानं ड्रायव्हरला डुलकी लागते, तेव्हा घरात गाडी चालवणारी दोन माणसं असतील तर ती दोघंही त्या गाडीवर आधी सरावलेली हवीत.

प्रश्न : पेट्रोल, डिझेल की सीएनजी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सीएनजीची टाकी डिकी खाते, म्हणजे ज्या कारणासाठी मोठी गाडी घेतली तेच गेलं. शहरात रोज फिरून सणाला गावी जाणाऱ्यांना ती परवडते, लांबच्या भटकंतीला नको. वर्षाला पंधरा हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर पेट्रोल. पण २०२३ च्या एप्रिलआधीच्या पेट्रोल गाडीबाबत वीस टक्के इथेनॉलचं इंधन तिला चालतं का हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा, मायलेज थोडं घटेल हेही धरून चाला. मोठी, जड गाडी आणि घाटरस्ते असतील तर डिझेलला अजून तोड नाही. मात्र बीएस-६ डिझेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरचं, आयुष्यभर शहरातल्या ट्रॅफिकमध्ये रांगलेलं असेल तर जपून. त्याच्या धुराड्यातली गाळणी स्वच्छ व्हायला मोकळ्या रस्त्यावर सलग पळावं लागतं. तुंबलेली गाळणी बदलायचा खर्च ऐकून खाली बसावं लागेल.

प्रश्न : सात सीटर घेतली, पण सामान मावत नाही. टपावर कॅरिअर बसवून घेऊ का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बसवा, पण टपावर किती किलो चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि तो आकडा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा कमी निघेल. कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं. वर जड सामान ठेवलं की वळणावर गाडी जास्त झुकते आणि मागच्यांना गाडी लागते. मायलेज पडतं ते वेगळंच. तेव्हा आंब्याच्या पेट्या आणि तांदळाचं पोतं खाली डिकीत, सीटला टेकून. गाद्या, कपड्यांच्या बॅगा वर, ताडपत्रीत बांधून. काम झालं की कॅरिअर काढून घरी ठेवा.